मेहरे काकूंचा रोजचा खून

पहिल्या अकरा दिवसांत मेहरे काकूंनी नऊ माणसं मारली. दोघं वाचले, त्यातला एक जन्माचा लंगडा झाला आणि दुसऱ्याचा कान गेला. मी त्या ग्रुपचा अ‍ॅडमिन होतो, म्हणून ही यादी मला तोंडपाठ आहे. आणि एवढं करून बाई दिसायला कशा, तर अंगभर पदर, नाकात बारीकशी फुली, पन्नाशी उलटलेली, आणि आवाज इतका हळू की गिऱ्हाइकाला दोनदा "काय म्हणता?" असं विचारावं लागायचं.

माझा अकोल्यात साउंड आणि लाइट भाड्यानं द्यायचा धंदा आहे. लग्न म्हणा, सभा म्हणा, कोणाचा वाढदिवस म्हणा. त्यातून वेळ काढून हौशी नाटकं करतो. आमच्या वऱ्हाडातले नाटकवाले नाटक कमी करतात आणि नाटकावर बोलतात जास्त. चहाच्या टपरीवर बसून संहिता, आशय, विषयाची खोली, असं दोन-दोन तास चालतं. लिहा म्हटलं की सगळ्यांना घरी कामं आठवतात. एक दिवस माझं डोकं सटकलं. मी व्हॉट्सअ‍ॅपवर 'रोजचं नाटक' नावाचा ग्रुप काढला आणि अकोला-अमरावतीच्या सगळ्या बोलघेवड्यांना त्यात कोंबलं. नियम साधा ठेवला. तीस दिवस रोज सकाळी सहाला मी एक विषय टाकणार, संध्याकाळी सातच्या आत प्रत्येकानं त्यावर दोन पात्रांची छोटी नाटिका टाकायची. एक दिवस चुकला की बाहेर. कारणं ऐकून घेतली जाणार नाहीत, हे मी ठळक अक्षरात लिहिलं होतं.

काकूंना आणलं नासिरभाईंनी. नासिरभाई अमरावतीचे टेलर. नाटकांचे पडदे, मावळ्यांचे अंगरखे, राजाचे शेले, सगळं तेच शिवतात आणि स्वतः लिहितातही. अंबागेटकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं दुकान आहे आणि दुकानाच्या अगदी समोर मेहरे काकू फुलं घेऊन बसायच्या. नासिरभाईंचा फोन आला की एका भाभींना ग्रुपात घ्या, त्या लिहीत नाहीत, बोलतात. मी म्हटलं, लिहिता येत नाही तर नाटककार कशाच्या? तर म्हणाले, "भाऊ, तुमी लिहिता ते तरी कोन बोलतं?" मला राग आला, तरी घेतलं.

पहिल्या दिवसाचा विषय होता 'हरवलेली चप्पल'. सगळ्यांनी गळे काढले. कोणाच्या वडिलांची चप्पल, कोणाच्या बालपणाची. लता मॅडम म्हणून आमच्या अकोल्याच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांची चप्पल तर चक्क स्वातंत्र्याचं प्रतीक होती. दुपारी तीनला काकूंची चार मिनिटांची ध्वनिफीत आली. आधी त्यांचा तो हळू आवाज: "चप्पल. पात्रं दोन. एक बाई, बसेल हाय. एक मानूस, उभा हाय." मग एक माणूस येतो आणि बाईला म्हणतो, ऊठ, माझी चप्पल तुझ्याखाली आहे. ती म्हणते, नाही उठत. तो तिच्या पेकाटात लाथ घालतो. ती म्हणते, नाही उठत. असं तीनदा. चौथ्या वेळी बाई बसल्याबसल्या त्याच पायातली दुसरी चप्पल ओढून काढते आणि त्याला हाणते. हाणत राहते. तो पडतो, गप्प होतो, तरी ती हाणते. मग काकू म्हणाल्या, "पडदा," आणि झालं.



मला विचाराल तर मी नाटकाचं काही ऐकलं नाही. मी आवाज ऐकले. धंदाच तो. तीस वर्षं या कानांनी भाकरी खाल्ली आहे. मंडपात तीनशे माणसांच्या गलक्यात कुठला स्पीकर खरखरतो ते मी डोळे मिटून सांगतो. चपलेचा तो फटका इतका मांसल होता की मी फोन करून विचारलं, कशी काढली? काकू म्हणाल्या, फुलांवर घालायचं ओलं गोणपाट असते, त्याच्यावर हात मारला. डोकं फुटल्याचा आवाज? कवठ फोडलं. आणि तो पुरुषाचा आवाज? तो त्या फुलांच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात तोंड घालून काढायच्या. तेवढा एक मात्र फसायचा. गुंड कितीही चिडला तरी तो डब्यातच आहे हे कळायचं.

मग रोज सुरू झालं. विषय 'आरसा' दिला, काकूंच्या माणसाचा गळा काचेनं कापला गेला. विषय 'लग्नपत्रिका' दिला, माणूस पत्रिका घेऊन आला, बाईला जागेवरून ओढायला लागला, तिनं हाराच्या सुईनं त्याचा डोळा घेतला आणि मग जीव. मी मुद्दाम एकदा 'चमचा' दिला. म्हटलं आता बघू. चमच्यानं काय झालं ते मी इथं लिहीत नाही, लता मॅडमनी त्या दिवशी जेवण केलं नव्हतं एवढंच सांगतो. मी काकूंना म्हटलं, जरा वेगळा विषय घ्या की. त्या म्हणाल्या, "विषय तुमचा भाऊ, मानसं माही."

आठव्या दिवशी साउंडचा एक बिघडलेला मिक्सर घेऊन अमरावतीला जायचं होतं, तेव्हा त्यांना पहिल्यांदा पाहिलं. लोखंडी खांबाला टेकून, ओल्या गोणपाटावर लाकडी फळी, फळीवर मांडी. उजव्या हाताची तीन बोटं आणि लांब सुई. शेवंती उचलायची, देठ मोडायचं, ओवायचं, हे सगळं न बघता. डोळे रस्त्यावर. रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे आळीपाळीनं बघायच्या, मला वाटलं गिऱ्हाईक बघतात. फोटोला घालायचा हार कोणी मागितला की कोण गेलं, कसं गेलं, शेवटी जवळ कोण होतं, हे सगळं विचारून मगच ओवायला घ्यायच्या. मला ते चोंबडेपणाचं वाटलं आणि मी तसं बोललोही. काकूंना राग आला नाही. कोनासाठी हे मालूम नसलं तं हात चालत नाही, असं म्हणाल्या आणि सुई पुढे चालू.

दुपारचे दोन वाजत आले तसे आजूबाजूचे फुलवाले जेवायला घरी गेले. आपापल्या टोपल्यांवर गोणपाट टाकलं आणि चालले. काकू नाही उठल्या. फळीवरच फडकं सोडलं, एका हातानं भाकर आणि ठेचा. मी विचारलं, तुमची नायिका आठही नाटकांत बसलेलीच का असते? एकदा तरी उभी करा तिला.

"उठली का जागा गेली," काकू म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं की या रस्त्यावरच्या जागांना कागद नाही. म्हाताऱ्या फुलवाल्यांनी पूर्वीपासून ठरवलेलं आहे: ज्याचं माणूस बसलेलं त्याची जागा. भांडण नसलेल्यांनी गोणपाट टाकून गेलं तरी चालतं. पण जागेवर दुसऱ्या कोणी हक्क सांगितला असेल, तर बसलेलं माणूस हलता कामा नये. हललं आणि दुसरं बसलं की बाजार दुसऱ्याची जागा मानतो. सकाळी गोणपाट अंथरल्यापासून संध्याकाळी झाडू मारेपर्यंत.

आता कोणीही शहाणा माणूस पुढचं विचारेल, की तुमच्या जागेवर कोणी हक्क सांगितला आहे का. मी काय म्हणालो? मी म्हणालो, "काकू, प्रतीक फार छान आहे." त्या म्हणाल्या, "परतीक म्हंजे?" मी त्यांना दहा मिनिटं प्रतीक समजावून सांगितलं. त्या "हाव का" म्हणाल्या आणि निघताना मला मोगऱ्याची एक वेणी दिली, घरच्यांसाठी. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

बाराव्या दिवशी घोळ झाला. विषय होता 'कुलूप'. काकूंच्या बाईनं रुमालात कुलूप बांधून माणसाचं डोकं फोडलं, कवठ अगदी मनासारखं फुटलं. फक्त ती फीत आमच्या ग्रुपवर येण्याऐवजी त्यांच्या फुलवाल्यांच्या ग्रुपवर गेली. तिकडे त्या नाटकाचं कोणालाच माहीत नव्हतं. त्यांनी ऐकलं काय, तर काकूंचा आवाज, "मेली रे मेली," आणि डोकं फुटतंय. जेवणाच्या ताटावरून सात-आठ जण उठून धावत आले. कोणाच्या हातात बांबू, कोणाच्या हातात देठ कापायची सुरी. काकूंसमोर तेव्हा एक मुख्याध्यापक उभे होते, निरोपसमारंभाचा हार न्यायला आलेले. त्यांना काही कळायच्या आत दोन कानाखाली बसल्या, शर्ट फाटला, चष्मा गटारात. एकानं मानगूट धरून त्यांना खांबावर आपटलं. काकू ओरडत होत्या की नाटक हाय, नाटक हाय, पण त्यांचा आवाज कोणाला ऐकू येणार? शेवटी नासिरभाई मध्ये पडले. त्यांनाही एक बांबू खांद्यावर बसला. मुख्याध्यापकांच्या ओठातून रक्त येत होतं आणि ते एकच विचारत होते, माझा हार झाला का.

फुलवाल्यांनी माझा नंबर मिळवला आणि मला जे ऐकवलं ते छापण्यासारखं नाही. मीही तापलो. काकूंना फोन करून वाट्टेल ते बोललो. अक्कल आहे का, लोकांचे जीव जातील, हे नाटक आहे, पोरखेळ नाही. मग मी स्वतः एक निवेदन लिहिलं आणि त्यांना ते फुलवाल्यांच्या ग्रुपवर टाकायला लावलं. मजकूर मला पाठ आहे: 'मेहरे काकू रोज दुपारी नाटक पाठवतात. त्यातली मारामारी खरी नसते. ऐकून कोणीही धावून येऊ नये.' खाली माझं नाव.

ते टाकण्याआधी काकूंनी मला उलटा फोन केला होता.

"भाऊ, हे टाकलं तं मंग खरंच कोनी येनार नाही नं?"

"कोणी येणार नाही. निश्चिंत राहा," मी म्हटलं.

त्यांनी तेच पुन्हा विचारलं. मला वाटलं रेंज खराब आहे, मी तेच उत्तर मोठ्यानं दिलं.

सतराव्या दिवशी शुक्रवार होता. सकाळी सहाला मी विषय टाकला, 'पाहुणा'. दुपारी एक चाळीसला काकूंची फीत आली. मी गोदामात वायरी गुंडाळत होतो, पावणेदोनला ऐकली. सुरुवात नेहमीचीच: "पाहुना. पात्रं दोन." मग डब्यातला आवाज, आहे का कोनी घरात. मग टोपली पडल्यासारखं काहीतरी, आणि त्यानंतर पुरुषाचा आवाज, पण डब्याशिवाय.

"ऊठ."

"नाही उठत."

"जागा मेहऱ्याची हाय. भाऊ मेला माहा, तू कोन?"

"मी बसली हावो."

मग थापड. मग दुसरी. मग तिसरी, आणि तिच्याबरोबर काकूंचा श्वास आत ओढल्याचा आवाज. मग काकू अगदी फोनजवळ येऊन, घाईत: "शुक्रवार हाय. नासिरभाई नमाजले गेले. रस्त्यावर कोनी नाही." आणि फीत तिथंच तुटली.

मी पुन्हा ऐकली. दुसऱ्यांदा हेडफोन लावून ऐकली, चांगली ऐकू यावी म्हणून. वार, वेळ, जागा एका वाक्यात सांगितली, हे मला आवडलं. गोणपाट आज जरा जास्त ओलं असावं असं वाटलं. मग मी जेवलो, एका साखरपुड्याचे स्पीकर पोचते केले, आणि तीनला दहा कमी असताना ग्रुपवर लिहिलं: 'काकू, आज पुरुषाचा आवाज पहिल्यांदा खरा वाटला. डबा सोडलात ते बरं केलंत. शेवट मात्र अर्धवट.' त्याच्याखाली टाळ्या पडल्या, एकूण अकरा जणांच्या. लता मॅडमनी लिहिलं, तिसऱ्या थापडेनंतर थोडा विराम हवा होता.

चार वाजता नासिरभाईंचा फोन आला. "भाऊ, ते नाटक नव्हतं."

पुढचं सगळं मला त्यांच्याकडून कळलं. काकूंचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून त्यांचा दीर रामदास त्या जागेवर डोळा ठेवून होता. जागा मेहरे घराण्याची, बाई परक्या घरची, हे त्याचं म्हणणं. नवरा गेल्यावर त्या जागेशिवाय काकूंकडे दुसरं काही नव्हतं. राहती खोलीसुद्धा रामदासच्याच नावावर. तो दुपारी, रस्ता मोकळा आणि नासिरभाईंचं दुकान बंद असताना यायचा. कधी टोपली गटारात ओतायचा, कधी केस धरायचा. काकूंनी पोलिसात सांगितलं नाही, बाजारात सांगितलं नाही, नासिरभाईंना सांगितलं नाही. आम्हाला मात्र रोज सांगत होत्या, सलग सोळा दिवस, आणि आम्ही त्यांना गुण देत होतो.

त्या शुक्रवारी त्या नाटिका बोलत असतानाच तो आला, आणि ती फीत त्यांनी मुद्दाम पाठवली होती. दोन्ही ग्रुपांवर. फुलवाल्यांनी पाहिलं, एकानं जेवताजेवता लावली, म्हणाला काकूचं नाटक आलं, आणि बंद केली. माझं निवेदन वरच होतं.

फीत पाठवताना बघून रामदासचं डोकं आणखी फिरलं. त्यानं काट्याजवळचं दोन किलोचं वजन उचललं आणि काकूंचा उजवा हात फळीवर दाबून त्याच्यावर घातलं. एकदा नाही, तीनदा. ओवायची तीन बोटं होती, तिथंच. भुवई फुटली. मग केस धरून ओढायला लागला. काकूंनी डाव्या हातानं खांबाला मिठी मारली. त्यानं बरगड्यांत लाथा घातल्या, शेवंतीच्या बादल्या उलट्या केल्या, त्यावर नाचला. वीस मिनिटं हे चाललं. दोन वाजता तो दमला. खरंच, दमला म्हणून थांबला. कोपऱ्यावरच्या नळावर हात धुतले, चहा मागितला, प्याला आणि गेला. चहावाल्यानंच नंतर पोलिसांना वेळ सांगितली, कारण दोनला तो रेडिओ लावतो.

नासिरभाई सव्वादोनला परत आले. काकू गोणपाटावर मांडी घालून बसलेल्या होत्या. तोंडावरून रक्त, हात मांडीवर ठेवलेला, हात कसला, नुसता लगदा. ते म्हणाले, भाभी, उठा, दवाखान्यात जाऊ.

"तुमी बसता का इथं?" काकूंनी विचारलं.

नासिरभाई रक्तातच बसले. नमाजचे पांढरे कपडे होते अंगात. ते नीट मांडी घालून बसले हे बघितल्यावर काकू उठल्या आणि ऑटोत बसल्या. फोन पदरात बांधून घेतला होता.

मी दुसऱ्या दिवशी पोचलो. दवाखान्यात काकू गुंगीत होत्या, म्हणून ठाण्यात गेलो. तिथल्या साहेबांनी फीत ऐकली, मग वरच्या सोळा फिती ऐकल्या, मग माझं निवेदन वाचलं. ते म्हणाले, मग ही खरी कशावरून? मी म्हटलं, आवाजावरून कळतं साहेब, माझा तीस वर्षांचा धंदा आहे. त्यांनी शांतपणे फोन माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "मग तुम्ही तेव्हा काय लिहिलंय ते वाचा." मला मोठ्यानं वाचावं लागलं. रामदासला त्या दिवशी पकडला. पुढे जामिनावर सुटला तेव्हा त्याच्या बाजूनं हेच सांगितलं गेलं, की बाईला नाटकं करायची सवय आहे, अ‍ॅडमिननं तसं लिहून दिलेलं आहे.

नाटकाचं आव्हान मी तिथंच बंद केलं. ग्रुपवर नाटिकेऐवजी पाळ्या लागल्या. काकू दवाखान्यात असेपर्यंत जागेवर माणूस बसलेला पाहिजे, एवढा एकच विषय. पहिले तीन दिवस नासिरभाईंनी काज-बटणं तिथंच बसून केली. मग लता मॅडम अकोल्याहून बडनेऱ्याला रेल्वेनं येऊन, तिथून ऑटोनं, पाठीला उशी लावून बसल्या. त्यांना एक शब्द बोलायची मी हिंमत केली नाही. मी रविवारी बसायचो. हार मला काही जमला नाही. माझ्या हाराला बघून लोक देवाची माफी मागत असतील. फुलवाले फुलं पुरवायचे, आमच्या नजरेला नजर द्यायचे नाहीत. आम्हीही त्यांच्या नजरेला द्यायचो नाही.

दुसऱ्या रविवारी रामदास समोर येऊन उभा राहिला. जामिनावर सुटला होता. हाताची घडी घालून माझ्याकडे बघत होता. मी त्याला तेव्हा प्रथमच पाहिलं. साधा माणूस, इस्त्रीचा शर्ट. दोन किलोचं वजन काट्याजवळ होतंच, पोलिसांनी एक नेलं तर फुलवाल्यांनी दुसरं आणून ठेवलं होतं. ते माझ्या हातात कधी आलं मला कळलं नाही. आयुष्यात मी माणसाला मारलेलं नाही, पण त्या दिवशी मी त्याचा मेंदू रस्त्यावर सांडला असता आणि मला बरं वाटलं असतं. मी अर्धा उठलो होतो. तेवढ्यात नासिरभाईंनी दुकानातूनच सांगितलं, "उठू नका भाऊ. त्याले तेच पायजे." मी बसलो. रामदास आणखी अर्धा तास उभा राहिला, मग थुंकला आणि गेला. हल्ली तो चांदूर रेल्वे गावात असतो म्हणतात. एकोणीस दिवस जागा एक मिनिटही मोकळी नव्हती, बाजारानं ती काकूंचीच मानली.

विसाव्या दिवशी काकू आल्या. उजवा हात पांढऱ्या पट्ट्यांत, त्यातली दोन बोटं आता वाकणार नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलेलं. भुवईवर टाके. त्यांनी नासिरभाईंना उठवलं, गोणपाट झटकलं, बसल्या आणि डाव्या हातानं ओवायला घेतलं. एका शेवंतीला पूर्वी दहा शेवंत्यांना लागायचा तेवढा वेळ.

मी अकोल्याहून मुद्दाम आलो होतो. काय बोलायचं ते बसमध्ये दोन तास घोकलं होतं, त्यातलं काही आलं नाही. मी म्हटलं, "काकू, मी ती ऐकली होती. दोनदा." भर बाजारात, दुपारी, एवढा मोठा माणूस मी रडलो.

काकूंनी सुई थांबवली.

"तुमाले मालूम नाही का भाऊ?" त्या त्यांच्या हळू आवाजात म्हणाल्या. "त्यानं वजन उचललं होतं. हातावर झालं, आता डोक्यावर टाकनार होता. तेवढ्यात माहा फोन वाजाले लागला. टिंग. टिंग. एकावर एक. तुमच्या त्या टाळ्या. त्याले वाटलं लोक निघाले. वजन टाकून पळाला. तुमी लिहिलं नसतं तं मी मेली असती."

सांगताना त्यांनी डावा हात वर उचलून धरला होता. टिंगच्या आधी जेवढं थांबायला पाहिजे तेवढं बरोबर थांबल्या.

रामदास दोन वाजता हात धुऊन चहा पीत होता. नासिरभाई सव्वादोनला आले. माझी ती ओळ ग्रुपवर तीनला दहा कमी असताना गेली, आणि टाळ्या तिच्यानंतर. वेळ तिथं लिहिलेली असते. मी ती इतक्यांदा वाचली आहे की मला काही आठवावं लागत नाही. काकूंचा फोन त्यांच्या मांडीवरच पडलेला होता आणि त्याच्यावर त्यांनाही ती दिसत होती.

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. डाव्या हातानं देठ मोडत होत्या.

"हो का," मी म्हणालो.

"हाव."

बसला अजून वेळ होता. मी फळीच्या कोपऱ्यावर बसलो आणि म्हटलं, काकू, ते पुन्हा एकदा सांगा. त्यांनी पुन्हा सांगितलं. या वेळी रामदासनं वजन आणखी वर उचललं होतं, आणि सगळ्यात आधी वाजला तो साउंडवाल्या भाऊंचा मेसेज होता.